ब्लेड विंग घरी बांधायचं तर आधी कॉकपिट

स्टार वॉर्सच्या विश्वातलं बी-विंग हे यान निदान ऐकून तरी अनेकांना माहीत असतं. १९८३ च्या चित्रपटात शेवटच्या लढाईत ते जेमतेम दिसतं. तरी एक लांब उभं पातं, मध्यातून दोन्हीकडे उघडणारे दोन छोटे पंख आणि पात्याच्या एका टोकाला गोलसर कॉकपिट हा आकार डोळ्यांसमोरून हलत नाही. त्या बी-विंगच्या आधीचं, एकाच नगात तयार झालेलं प्रायोगिक यान म्हणजे ब्लेड विंग. त्याचं नाव काढलं की नेहमीची चाहते मंडळीही विचारात पडतात. बाजारात बी-विंगचे किट मिळतात. ब्लेड विंग मात्र हातानेच बांधावं लागतं, आणि ते कसं बांधायचं ते मी इथे सांगणार आहे.

हे यान २०१५ साली टीव्हीवरच्या ॲनिमेशन मालिकेत, 'रिबेल्स'च्या दुसऱ्या पर्वात आलं. इबार नावाच्या ग्रहाला साम्राज्याच्या जहाजांनी वेढा घातलेला असतो आणि अन्नाची मदत आत पोचत नाही. नाकेबंदी फोडणारं यान शोधत हेरा सिंडुला ही वैमानिक शांतिपोल ग्रहावर जाते. (हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते गुजरातेतल्या एखाद्या पोळचंच, म्हणजे जुन्या गल्लीचंच, वाटलं होतं.) तिथे क्वारी नावाचा मॉन कॅलमारी जमातीचा म्हातारा अभियंता एकट्याने हे यान बांधत बसलेला असतो. सगळ्या तोफांचे झोत एकत्र करून एकच किरण सोडायचा, ही त्याची कल्पना. त्या किरणाने साम्राज्याचं जहाज उडतं, पण किरण इतकी शक्ती ओढतो की यानाची हायपरड्राइव्ह, म्हणजे प्रकाशापेक्षा वेगाने नेणारी यंत्रणा, बसते. शेवटी याच नमुन्यावरून आणखी यानं बांधायचं ठरतं. शांतिपोल हे नाव त्याहून जुनं आहे. २०१४ मध्ये स्टुडिओने बाजूला ठेवलेल्या जुन्या कथांमध्ये बी-विंगचा जन्म तिथेच, ॲडमिरल ॲकबार आणि व्हर्पाइन जमातीच्या कारागिरांच्या हातून झाला होता.

मला या यानात सगळ्यात जास्त आवडतं ते त्याचं कॉकपिट. यान स्वतःभोवती कितीही फिरलं तरी कॉकपिट सरळच राहतं आणि वैमानिकाचं डोकं वरच असतं. त्यामुळे मॉडेल बांधायचं तर ही गोष्ट खरोखर चालली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. मी पाहिलेल्या बहुतेक मॉडेलांत कॉकपिट चिकटवून टाकलेलं असतं. तसं केलं की हातात राहतं ते फक्त एक विचित्र आकाराचं पातं. म्हणून या लेखात नेहमीचा क्रम उलटा आहे. कॉकपिट आधी, बाकी सगळं नंतर.

माप आणि आराखडा

मी १/४८ हे प्रमाण घेतो. बी-विंगची अधिकृत लांबी १६.९ मीटर आहे आणि नमुना यानासाठीही मी तीच धरतो. १६,९०० ला ४८ ने भागलं की ३५२ मिलिमीटर येतात, म्हणजे साधारण ३५ सेंटीमीटर. ठाण्याच्या वन बीएचकेमधल्या शोकेसच्या कप्प्यात हे बसू शकतं, पण कप्प्याची उंची आधी मोजा. १/७२ घेतलं तर लांबी २३५ मिलिमीटर होते, पण मग कॉकपिटमध्ये बेअरिंग बसवायला जागा उरत नाही. १/४८ मध्ये पाच फूट सात इंचाचा माणूस साडेतीन सेंटीमीटरचा होतो. वैमानिक रंगवायलाही हे माप सोयीचं आहे.

आराखड्यासाठी मालिका थांबवून यानाचं शक्य तितकं सरळ बाजूने दिसणारं चित्र घ्या. समजा त्या चित्रात पात्याची लांबी ८८० पिक्सेल भरली. ३५२ भागिले ८८० म्हणजे एका पिक्सेलला ०.४ मिलिमीटर. कॉकपिट १०० पिक्सेल रुंद दिसलं तर ते ४० मिलिमीटरचं झालं. अशी दहा-बारा मापं वहीत लिहून काढा. एकाच चित्रावर विसंबू नका. कॅमेरा तिरका असेल तर जवळचा भाग फुगतो, म्हणून प्रत्येक माप दोन वेगवेगळ्या चित्रांतून काढून सरासरी घ्या. आराखडा खऱ्या मापात आलेख कागदावर काढा आणि त्याच्या दोन झेरॉक्स काढा. एक कापायला, एक भिंतीवर लावायला. झेरॉक्स काढल्यावर पट्टी लावून माप तपासा, कारण काही मशिनींवर प्रत किंचित लहान येते.

सामान

मुख्य सामान सनबोर्ड, म्हणजे पीव्हीसी फोमचा हलका बोर्ड. पाच आणि तीन मिलिमीटर, दोन्ही जाडीचे घ्या. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यापासून गणपतीचे मखर करणारे बरेच कारागीर सनबोर्डकडे वळले, त्यामुळे हा बोर्ड आता कुठेही मिळतो. ऑगस्टमध्ये एखाद्या मखरवाल्याकडे गेलात तर कापून उरलेले तुकडे तो आनंदाने देतो. मला जांभळी नाक्याच्या मागच्या एका गल्लीत असेच मिळाले. बारीकसारीक कामाला स्टायरिनची पातळ शीट लागते. ती ठाण्यात हमखास मिळेल असं नाही, त्यामुळे मी मस्जिद स्टेशनला उतरून अब्दुल रेहमान स्ट्रीट गाठतो. एलईडी आणि रेझिस्टर लॅमिंग्टन रोडवर मिळतात.

याशिवाय ४० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा, ५ मिलिमीटरचा आटे पाडलेला रॉड, त्याचे नट आणि वॉशर, एक विंग नट, आणि ६२५ नंबरची दोन बेअरिंग लागतात. या बेअरिंगचं भोक ५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास १६ आणि जाडी ५ मिलिमीटर असते. जाडी नेमकी सनबोर्डएवढीच असल्यामुळे बेअरिंग बोर्डात बसवलं की दोन्ही बाजू सपाट लागतात. चिकटवायला फेविक्विक, ॲरलडाइट आणि फेविकॉल, भरायला एमसील. बेअरिंग घेताना झाकण धातूचं आहे ना ते बघा. रबराच्या झाकणाचं बेअरिंग इथे उपयोगाचं नाही, ते फार घट्ट फिरतं.

कॉकपिट

पाइपचा ४० मिलिमीटर लांबीचा तुकडा कापा. करवत सरळ चालावी म्हणून पाइपभोवती कागदाची पट्टी गुंडाळा आणि तिच्या कडेने कापत जा. पाइपच्या आतल्या व्यासाएवढ्या दोन चकत्या ५ मिलिमीटर सनबोर्डमधून काढा. प्रत्येक चकतीच्या बरोबर मध्यभागी १६ मिलिमीटरचं भोक हवं. कर्कटकाने वर्तुळ आखा, आतल्या बाजूने लहान लहान भोकं पाडा, मधला भाग काढा आणि जाड पेन्सिलीला पॉलिश पेपर गुंडाळून कड घासत आणा. बेअरिंग अंगठ्याने दाबल्यावर बसलं पाहिजे. सैल झालं तर ती चकती टाकून द्या आणि नवी करा, कारण इथे अर्ध्या मिलिमीटरची चूक पुढे प्रत्येक पायरीवर त्रास देते. दोन्ही चकत्या पाइपमध्ये २५ मिलिमीटर अंतरावर बसवा. एकच बेअरिंग लावलं तर कॉकपिट डुगडुगतं.

रॉड आत घाला, दोन्ही बाजूंनी नट लावा. नट बेअरिंगच्या फक्त आतल्या कड्याला टेकले पाहिजेत, म्हणून मध्ये लहान वॉशर घाला. आता कॉकपिट रॉडवर मोकळं फिरायला हवं.

वजन कॉकपिटच्या तळाशी, आतल्या बाजूला. तीस ग्रॅम पुरतात, पण ते अक्षापासून जितकं खाली तितकं चांगलं. मी लोखंडी नट लावून पाहिले, त्यांनी जागा फार खाल्ली. मग चेंदणी कोळीवाड्यातल्या एका ओळखीच्या घरून जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या आणल्या. शिसं जड असल्यामुळे तळाच्या अरुंद जागेत मावतं. गोळ्या हातोडीने चपट्या करून ॲरलडाइटमध्ये पूर्ण बुडवा, वरून स्टायरिनचा तुकडा लावून झाका आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा. शिसं उघडं ठेवायचं नाही, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर.

माझं पहिलं कॉकपिट इथेच अडलं होतं. वजन लावलं, रॉड फिरवला, तर कॉकपिट रॉडबरोबर वीस-पंचवीस अंश कलंडायचं आणि तिथेच थांबायचं. मी आणखी शिसं भरलं, तरी फरक थोडाच. शेवटी सगळं पिशवीत घालून वागळे इस्टेटमध्ये लेथ चालवणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांनी ते हातात धरून दोनदा फिरवलं.

"हे कसलं यंत्र आहे रे?"

"काका, विमानाचं कॉकपिट आहे. विमान फिरलं तरी हे सरळ राहायला हवं."

"मग वजन कशाला वाढवतोस? बेअरिंग धू. ग्रीस भरलंय आत. ते ग्रीस हजारो फेऱ्यांच्या मोटरसाठी असतं, तुझ्या या खेळण्याला ते चिखलासारखं लागतं."

त्यांनी बारीक पिनेने दोन्ही झाकणं उचकटून काढली, बेअरिंग रॉकेलच्या वाटीत टाकली, ब्रशने धुतली, हवेच्या नळीने वाळवली आणि शिलाई मशिनच्या तेलाचा एकेक थेंब सोडला. त्यानंतर कॉकपिट असं फिरलं की मी पाहतच राहिलो. रॉड उलटा केला, आडवा केला, कॉकपिटचा तळ खालीच. काकांनी पैसे घेतले नाहीत, पण पूर्ण झाल्यावर आणून दाखवायचं वचन घेतलं.

तुम्ही हे घरी करत असाल तर रॉकेलऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोलही चालतं. खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅस बंद असल्याची खात्री करा. बेअरिंग चकतीत बसवण्याआधीच धुवा, मग बसवलेली काढायची माझ्यासारखी वेळ येणार नाही.

चाचणी अशी घ्या: रॉड आडवा धरून हळूहळू पूर्ण एक फेरी फिरवा. कॉकपिट पाच-सात अंशांपेक्षा जास्त हललं तर घर्षण उरलं आहे. दर वेळी एकाच बाजूला कलून थांबत असेल तर वजन मध्यावर नाही. मग विरुद्ध बाजूला चिमूटभर एमसील लावून तोल साधा. वैमानिक, खुर्ची आणि काचेची चौकट लागल्यावर तोल पुन्हा बदलतो, म्हणून शिशावरचं झाकण शेवटपर्यंत कायमचं चिकटवू नका.

खिडक्यांना जुन्या ओएचपी शीटचे (पारदर्शक प्लास्टिकचे) तुकडे वापरा आणि ते फेविकॉलनेच चिकटवा. फेविक्विकची वाफ काचेवर पांढरा धुरकट थर बसवते आणि तो निघत नाही.

पातं

पातं लांब आणि पातळ असल्यामुळे नुसत्या सनबोर्डचं केलं तर महिन्याभरात वाकतं. मी ते ३ मिलिमीटर सनबोर्डच्या दोन थरांचं करतो. मध्ये आडव्या फासळ्या आणि उभ्या दोन बांबूच्या कामट्या, आकाशकंदिलाला वापरतो तशाच. कामट्या वाळलेल्या हव्यात, ओल्या असतील तर पिळतात. गाभ्याला फेविकॉल लावा आणि वर पुस्तकांचा ढीग ठेवून रात्रभर दाबा. सपाट जागेवर दाबा, गादीवर नको.

सनबोर्ड कापताना स्टीलची पट्टी, नवीन ब्लेड आणि हलके तीन-चार हात. एका फटक्यात कापायला गेलं की कड तिरकी जाते आणि बोटही जातं. घासताना पाण्याचा पॉलिश पेपर वापरा, म्हणजे पीव्हीसीची पूड हवेत उडत नाही. मास्क तरीही लावा.

पात्याच्या वरच्या टोकाला गोल हब करा: ५ मिलिमीटर सनबोर्डच्या तीन चकत्या एकावर एक, मध्ये रॉडचं भोक. रॉड इथे दोन नटांमध्ये घट्ट आवळायचा आणि ॲरलडाइटने पक्का करायचा. म्हणजे रॉड पात्याबरोबर फिरेल आणि पुढे कॉकपिट त्याच रॉडवर मोकळं राहील. हब आणि कॉकपिट यांच्यात दीड-दोन मिलिमीटर फट ठेवा. रंगाचे थर चढल्यावर ती कमी होते. मागच्या बाजूला रॉड ४ सेंटीमीटर बाहेर ठेवा, स्टँडसाठी.

सगळं मिळून वजन दोनशे ग्रॅमच्या आत ठेवायचा प्रयत्न करा. पातं जड झालं तर स्टँडवर आडवं राहत नाही.

दोन छोट्या पंखांना बिजागरी लावायचा मोह आवरा. एवढ्या लहान मापात ती ढिली होतेच. ५ मिलिमीटरचे निओडिमियम चुंबक बुडाशी बसवा. पंख उघडे लावायचे तेव्हा उघडे, नाहीतर मिटलेले. चुंबक चिकटवण्याआधी त्यांची बाजू मार्करने खुणावून ठेवा.

पृष्ठभाग

चित्रपटासाठी मूळ मॉडेल करणाऱ्या कारागिरांनी बाजारातल्या रणगाड्यांच्या आणि विमानांच्या किटचे सुटे भाग चिकटवून यानांना बारकावे दिले होते. आपल्याकडे किट महाग आहेत, पण घरात अशा वस्तू भरपूर असतात. बॉलपेनच्या स्प्रिंगा आणि रिफिल, बिघडलेल्या चार्जरमधलं सर्किट, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचे फुगवटे, केबल टायची डोकी, बंद पडलेल्या घड्याळाची चक्रं. हे सगळीकडे सारखं पसरू नका. इंजिनांजवळ आणि हबजवळ दाट गर्दी करा, बाकी पातं जवळजवळ कोरं ठेवा. पॅनेलच्या रेषा ब्लेडच्या पाठीने किंवा कर्कटकाच्या टोकाने ओढा, पट्टीशिवाय कधीच नको.

मागच्या चार इंजिनांसाठी मार्करची टोपणं कापून वापरली. आत प्रत्येकी एक लाल एलईडी. जुन्या मोबाइल चार्जरचे ५ व्होल्ट घ्या आणि प्रत्येक एलईडीला स्वतंत्र २२० ओहमचा रेझिस्टर जोडा. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, उरलेल्या ३ व्होल्टला २२० ओहम म्हणजे सुमारे १४ मिलिअँपिअर. एवढा प्रकाश पुरतो. चारींना मिळून एकच रेझिस्टर लावू नका, त्यातला एक जास्त उजळतो आणि आधी जातो. वायर पात्यातून हबपर्यंत आणि तिथून स्टँडवर आणा, हबपाशी वीतभर ढील ठेवून. यान एका फेरीपेक्षा जास्त एकाच दिशेने फिरवलं तर वायर पिळते, तेवढं घरातल्यांना सांगून ठेवा. तो प्रसिद्ध एकत्र किरण मात्र मी दाखवत नाही. ॲक्रिलिकची दांडी लावून बघितली, तेव्हा यानाऐवजी सगळ्यांचं लक्ष दांडीकडेच जायला लागलं.

रंग

ठाण्यात रंगाचा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात स्प्रे मारला की हवेतली ओल रंगात अडकते आणि वर पांढरट झाक येते. एप्रिल-मेच्या दुपारी उलट होतं: रंग कॅनमधून निघून पृष्ठभागावर पोचेपर्यंत अर्धा वाळतो आणि हाताला खरखरीत लागतो. मी घोडबंदर रोडच्या बाजूला राहतो. रस्त्याच्या आणि बांधकामाच्या धुळीत गॅलरीत स्प्रे मारणं शक्यच नाही. टीव्हीचा मोठा खोका आडवा ठेवून आत रंगवतो, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, आणि लगेच खोक्याचं तोंड बंद करतो.

आधी राखाडी प्रायमर, दोन पातळ हात. मग मुख्य रंग. मी उबदार राखाडी घेतो, त्यात किंचित पिवळा. एका माणसाने वर्षानुवर्षं दुरुस्त करत आणलेलं यान नवंकोरं पांढरं दिसूच नये, असं मला वाटतं. तुम्हाला पडद्यावरची छटा हवी असेल तर थांबवलेल्या चित्राशेजारी रंगाचा ठिपका धरून मिळवा. शेवटी तपकिरी-काळा ॲक्रिलिक पाण्यात पातळ करा, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घाला, रेषांत सोडा आणि वरचा जादाचा रंग कपड्याने टिपून घ्या. कॉकपिटचा रंग वेगळा सुटा काढूनच करा. बेअरिंगमध्ये एक शिंतोडा गेला तर धुण्यापासून सुरुवात.

स्टँड

मार्बलच्या दुकानात कडप्प्याचा वीस बाय वीस सेंटीमीटरचा तुकडा मागा, टाकाऊत पडलेला असतो. दोन सेंटीमीटर जाड असेल तर त्याचं वजन दोन किलोच्या आसपास भरतं, आणि पातं आडवं केलं तरी स्टँड कलंडत नाही. त्यावर ४० सेंटीमीटरचा लाकडी खांब ॲरलडाइटने उभा करा. खांबाच्या वरच्या टोकाला ५ मिलिमीटरचं आरपार भोक. मागे निघालेला रॉड त्यातून घाला, दोन्हीकडे मोठे वॉशर, एका बाजूला स्प्रिंग वॉशर, आणि विंग नट. नट इतकाच आवळा की पातं सोडलेल्या जागी थांबेल, पण हाताने सहज फिरेल. वर पातं गोल फिरत असताना कॉकपिट जागचं हलता कामा नये.

काकांना दाखवायला नेलं तेव्हा त्यांनी लेथ बंद केला, हात पुसले आणि पातं पूर्ण एक फेरी फिरवलं. मग म्हणाले, "तेल सहा महिन्यांनी बदल. शिलाई मशिनचंच."